न सांगितलेला हेन्री

सुंदररावांना इंग्लंडचे राजे आवडत नसत. "आईच्या पोटातूनच राजा होऊन बाहेर येतेत," ते म्हणायचे, "त्यात कसली मर्दुमकी?" जर्मनांचे राजे मात्र त्यांच्या मनात भरले होते, कारण ते निवडून यायचे. सात जण बसायचे, तीन धर्मगुरू आणि चार सरदार, आणि ते ठरवतील तो राजा. राधाकिशन मास्तरांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सुंदरराव बाजेवर उठून बसले.

"म्हंजी आपल्या संचालक मंडळावानीच की."

"तसंच म्हणा, अण्णा."

"आन् ते सात जण फुटायचे का?"

"फुटायचे तर. कधी जमिनीवर, कधी सोन्यावर."

सुंदरराव पोट धरून हसले. आठशे-हजार वर्षांपूर्वीची ती माणसं त्यांना एकदम ओळखीची वाटायला लागली.

राधाकिशन मास्तर कारखान्याच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या तासाला पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. एका पोराने तर पेपरात बार्बारोसा या जर्मन सम्राटाचं नाव उसाच्या वाणाचं म्हणून लिहिलं होतं. मास्तरांना खरा विद्यार्थी भेटला तो निवृत्तीनंतर, आणि तोही ऐंशीच्या घरातला. सुंदरराव चौथी शिकलेले. ज्या काळी मराठवाड्यात सहकार म्हटलं की लोक तोंडाकडं बघायचे, त्या काळी त्यांनी बैलगाडीतून गावोगाव हिंडून सभासद गोळा केले आणि साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून चेअरमन तेच. आता काचबिंदूने डोळे गेल्यात जमा होते, म्हणून मास्तर रोज दुपारी त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी जायचे आणि लिंबाखाली बसून त्यांना राजे-सम्राट ऐकवायचे. बायको गेल्यापासून मास्तरांनाही दिवस खायला उठायचा. त्या दोन तासांवर दोघंही जगत होते म्हटलं तरी चालेल.

त्यातल्याच एका दुपारी मास्तरांच्या हातून ते घडलं.

ओटो नावाच्या सम्राटाची गोष्ट चालली होती. या ओटोने आपला सहा वर्षांचा पोरगा स्वतःच्या हयातीतच राजा म्हणून निवडून घेतला, त्याला मुकुट घातला, म्हणजे आपल्यामागे भांडण नको. सुंदरराव कान देऊन ऐकत होते. त्यांच्याही मनात हेच घोळत होतं. शेजारच्या बाजेवर त्यांचा मुलगा धर्मराज मोबाईल बघत पडला होता. पुण्याला शिकून आलेला, चाळिशीचा, बोलायला गोड.

"मंग तो ओटो सुखानं मेला का?" सुंदररावांनी विचारलं.

"हो, अण्णा. सुखाने."

"आन् बाकीचे? ज्यांनी ज्यांनी हयातीत पोराला गादी दिली, त्या समद्यांचं चांगलंच झालं?"

धर्मराजने मोबाईलमधून डोकं वर काढलं आणि मास्तरांकडं बघितलं. धमकी नव्हती त्या बघण्यात, नुसतं बघितलं. पण मास्तरांचा मुलगा सुग्रीव कारखान्याच्या टाइम ऑफिसात सात वर्षं रोजंदारीवर होता आणि त्याला कायम करण्याचा कागद धर्मराजच्या शब्दासाठी अडून होता. मास्तरांना त्याच जर्मनांचा राजा चौथा हेन्री ठाऊक होता. हेन्रीचं त्याच्या पोराने काय केलं तेही ठाऊक होतं. बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं ते सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि त्यांनी गिळलं.

"सगळ्यांचं चांगलंच झालं," मास्तर म्हणाले.

पंधरा दिवसांत संचालक मंडळाची बैठक झाली. सुंदररावांनी राजीनामा दिला, धर्मराज बिनविरोध चेअरमन झाला, हलगी वाजली, गुलाल उडाला. महिन्याभराने सुग्रीव कायम झाला. मास्तरांनी पेढे वाटले. पहिला पेढा त्यांनी सुंदररावांच्या तोंडात घातला आणि त्यांच्या चेहऱ्याकडं न बघता ते पुढच्या माणसाकडं वळले.

त्यानंतर पाऊस रुसला तो रुसलाच. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्या वर्षी नदीच्या वाळूत झरे खोदायची पाळी आली. गावात, सोनटाकळीत, चौथ्या दिवशी टँकर यायचा आणि बाया त्याच्यावर तुटून पडायच्या. पाणी होतं ते एकाच ठिकाणी, कारखान्याच्या साठवण तलावात. तलाव खोल होता आणि कुंपणाआड होता. पुढचा गळीत हंगाम सुरू करायचा तर एवढं पाणी राखून ठेवलंच पाहिजे, असा नव्या मंडळाचा ठराव होता.

शिवरात्रीच्या आधी चंद्रभागाबाई आखाड्यावर आली. सत्तरीची बाई. तिचा नवरा आश्रुबा पाच वर्षांपूर्वी वारला होता. तलावाला जमीन लागली तेव्हा याच नवरा-बायकोने आपली विहिरीची दोन एकर पहिल्यांदा दिली होती, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनी दिली.

"अण्णा," ती खाली बसत म्हणाली, "तलावाच्या पान्यासाठी तुमी बेलभंडार उचलून शपथ घेतली हुती. धर्मापुरीच्या देवळात. आमचे मालक हुते, मी हुते."

"आधी मानसं, मंग जनावरं, मंग कारखाना," सुंदरराव म्हणाले. चाळीस वर्षांनीही शब्द जसेच्या तसे होते.

"मंग आता मानसं कुटं गेली?"

ती भांडायला आली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. सुंदररावांनी काठी मागितली आणि ते उठले. "मास्तर, चला. कारखान्यावर जाऊ."

कारखान्यात एक नियम होता आणि तो सुंदररावांनीच घातलेला होता. चेअरमनला भेटायचं तर शिपायाकडं चिठ्ठी द्यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायचं, मग आमदार असो नाहीतर सालगडी. एकदा त्यांनी स्वतःच्या मेहुण्याला चार तास बसवलं होतं आणि मेहुणा पुढं वर्षभर दारात आला नव्हता. म्हाळू शिपाई तेव्हापासूनचा. अण्णांना बघून तो दार उघडायलाच धावला.

"चिठ्ठीचा कागद दी," सुंदरराव म्हणाले.

"तुमाला कशाची चिठ्ठी, अण्णा? सरळ आत चला."

"मला सोडलं तर उद्या दुसऱ्याला कोन्या तोंडानं मागशील? दी."

त्यांनी मास्तरांकडून लिहून घेतलं: सुंदरराव, सभासद क्रमांक एक. काम, पाणी. म्हाळू चिठ्ठी घेऊन आत गेला आणि बाहेर आला तो खाली मान घालून. साहेब मीटिंगमध्ये होते.

संध्याकाळपर्यंत ते बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा चिठ्ठी दिली, पुन्हा बसले. येणारे-जाणारे बघून रस्ता बदलायचे. या माणसाला या बाकावर बघणं कुणालाच जमत नव्हतं. समोरच टाइम ऑफिसची खिडकी होती, तिच्यात सुग्रीव बसलेला दिसायचा. तो बापाच्या नजरेला नजर देत नव्हता.

"मास्तर, नुसतं बसून काय करायचं? एकादा राजा सांगा," सुंदरराव म्हणाले.

मास्तरांनी त्या दिवशी चौथ्या हेन्रीला बाहेर काढला, पण अर्धाच. हेन्रीचं आणि पोपचं वाकडं आलं. पोपने त्याला धर्माबाहेर काढलं, तसे सरदारही उलटले. मग ऐन हिवाळ्यात हा राजा बायको आणि लहान लेकरू घेऊन डोंगर ओलांडून कानोसा नावाच्या किल्ल्यापाशी गेला. पोप आत होता. हेन्री अनवाणी, अंगावर खरबरीत लोकरीचं कापड घालून बर्फात दाराशी उभा राहिला. तीन दिवस.

"लई सोसलं गड्यानं," सुंदरराव म्हणाले. "आन् मंग?"

"तिसऱ्या दिवशी दार उघडलं."

"उद्या आपला तिसरा हाय," सुंदरराव म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले.

आणि खरंच तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला दार उघडलं. धर्मराज स्वतः बाहेर आला. आवारात शे-दोनशे माणूस जमलं होतं, चंद्रभागाबाईही होती. सगळ्यांदेखत त्याने बापाच्या पायावर डोकं ठेवलं. उठला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"अण्णा, माझं चुकलं. मला कुणी सांगितलंच नाही तुम्ही बसलाय म्हणून. उद्या पाणी सोडतो. शब्द देतो तुम्हाला. पण आता घरी चला, ऊन बाधेल."

माणसं गहिवरली. म्हाळू तर हुंदके देऊन रडला. एकटे मास्तर जागच्या जागी थिजून उभे राहिले, कारण त्यांना पुढचं पान पाठ होतं. हेन्रीचा पोरगाही असाच बापाच्या पाया पडला होता, असाच रडला होता, शपथा वाहिल्या होत्या, आणि असाच मायेने बापाला किल्ल्यात घेऊन गेला होता. मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटलं, अण्णा, गाडीत बसू नका. पण काय म्हणून सांगणार? पुस्तकात असं झालं होतं म्हणून? माणसांनी वेड्यात काढलं असतं. खिडकीतून सुग्रीव पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघत होता. अण्णांना घेऊन धर्मराजची पांढरी गाडी धुरळा उडवत निघून गेली.

पाणी काही सुटलं नाही. आधी तलावाच्या दाराचा व्हॉल्व्ह गंजला होता, मग वरून परवानगी यायची होती. सुंदरराव तालुक्याच्या ठिकाणी धर्मराजच्या बंगल्यात होते, आणि डॉक्टरांनी कुणाला भेटू द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मास्तर चार वेळा गेले, चारही वेळा गेटवरून परत आले. फोन लावला तर सून उचलायची आणि अण्णा झोपलेत म्हणायची. दुपारी दोनला मास्तरांचे पाय आपोआप आखाड्याकडं वळायचे. रिकाम्या बाजेपाशी जरा वेळ बसून ते परत यायचे.

पाडव्याला मास्तर साखरेची गाठी घेऊन गेले. सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला कोण परत पाठवणार? गेट उघडलं.

मागच्या खोलीत कूलर घरघरत होता. सुंदरराव पलंगावर अर्धे झाले होते. आवाजावरून त्यांनी मास्तरांना ओळखलं, त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. सून सरबत आणायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "पानी सोडलं का?"

"नाही, अण्णा."

सुंदररावांनी मास्तरांचा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाले, "त्या हेन्रीचं दार उघडल्यावर पुढं काय झालं?"

मास्तरांनी सांगितलं. आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. हेन्रीने धाकट्या पोराला आपल्या हयातीत राजा केलं. बापाच्या जिवात जीव आहे तोवर त्याच्या कारभारात हात घालणार नाही अशी पोराने शपथ घेतली. मग तो उलटला, पाया पडून रडला, बापाला गोड बोलून किल्ल्यात नेलं आणि कोंडलं. त्याच्याकडून मुकुट, राजदंड सगळं काढून घेतलं. म्हातारा कसाबसा निसटला आणि आठ महिन्यांच्या आत दूरच्या गावी मेला. धर्माने त्याला पुन्हा बाहेर टाकलं होतं, म्हणून त्याचं प्रेत पाच वर्षं तसंच ठेवलं होतं. पवित्र माती मिळाली नाही.

"तुमाला हे कवापासून ठावं होतं?"

"शिकवत होतो तेव्हापासून."

"मंग त्या दिशी कावून न्हाई सांगितलं? मी इचारलं होतं तुमाला."

मास्तर म्हणाले, "सुग्रीवचा कायम व्हायचा कागद अडला होता, अण्णा. धर्मराजदादा समोर होते."

सुंदररावांनी चेहरा त्यांच्याकडं वळवला. न दिसणारे ते डोळे मास्तरांना सोसवेनात.

"आवो, तवा चेअरमन मीच होतो की," ते म्हणाले. "मला सांगितलं असतं तर म्या सही केली असती. एवढंच तर हुतं."

मास्तर रडायला लागले. साठीच्या पुढचा माणूस, कूलरच्या आवाजाआड तोंडात उपरणं कोंबून रडला. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये? बत्तीस वर्षं राजदरबार शिकवून आपण दरबारी माणसासारखेच घाबरायला शिकलो आणि ज्याच्याशी रोज दोन तास बोलत होतो त्याच्याशी बोललो नाही.

"रडू नका," सुंदरराव म्हणाले. हात त्यांनी अजून सोडला नव्हता. "एक काम करा माझं. मी काय आता हितून निघत न्हाई. बेलभंडाराचं तुमी चार मानसांत बोला. मोठ्यानं बोला. तुमाला बोलता येतंय. आन् चंद्रभागाला सांगा, अण्णा इसरला न्हाई."

"बोलतो, अण्णा. शप्पथ बोलतो."

सून सरबत घेऊन आली. त्यानंतर बोलणं झालं नाही, आणि गेटही पुन्हा उघडलं नाही.

मास्तर गावात आले. उद्या बोलू म्हणाले. मग ग्रामसभेत बोलू म्हणाले, ती गणसंख्येअभावी तहकूब झाली. सुग्रीवच्या बायकोला सातवा महिना होता. घरात कुणी काही म्हणालं नाही, पण मास्तर टोपी घालून निघाले की सुग्रीव जेवता जेवता थांबायचा. चंद्रभागाबाई टँकरपाशी दिसली की मास्तर दुसऱ्या गल्लीने जायचे. सगळं एकदाच सांगू, पाणी सुटायची सोय झाली की सांगू, असं मनाशी म्हणत त्यांनी दीड महिना काढला.

मे महिन्यात सुंदरराव गेले.

आपल्याला आखाड्यावरच्या लिंबापाशी जाळा, असं ते कितीदा तरी म्हणाले होते. धर्मराजने कारखान्याच्या पटांगणात चौथरा बांधून घेतला. मुंबईहून मोठे साहेब हेलिकॉप्टरने येणार होते, त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ होती, म्हणून प्रेत एक दिवस बर्फावर ठेवलं. लाद्या कुठून कुठून आणल्या होत्या. त्या वितळत होत्या आणि पाणी फरशीवरून गटारात जात होतं. दर्शनाला आलेल्या बाया प्रेताच्या पाया पडायच्या आणि त्या पाण्याकडं बघत पुढं सरकायच्या.

मास्तर सकाळीच जाऊन बसले होते. दहाच्या सुमाराला तलावाच्या बाजूने टँकर यायला लागले. एक, दोन, पाच. गंजलेला व्हॉल्व्ह उघडला होता. गावातल्या माणसांना वाटलं, अण्णांच्या नावाने का होईना पाणी सोडलं. बाया घागरी घेऊन पळत निघाल्या. पण टँकर गावाकडं वळले नाहीत, ते मैदानात गेले आणि फवारे सुरू झाले. साहेबांचं हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडू नये म्हणून मैदान भिजवायचं होतं. मग साहेब येणार तो रस्ता भिजवला. बाया रस्त्याच्या कडेला रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या, आणि पोलिसांनी त्यांना दोरीच्या मागं घेतलं.

चितेला अग्नी दिल्यावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. साहेब बोलले, आमदार बोलले. मग निवेदकाने राधाकिशन मास्तरांचं नाव पुकारलं, अण्णांचे जिवलग म्हणून. मास्तर उठले. समोर दहा-पंधरा हजार माणूस होतं. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्याशेजारी डोकं भादरलेला धर्मराज, आणि दोरीच्या पलीकडं चंद्रभागाबाई. चार माणसांत बोला, अण्णा म्हणाले होते. यापेक्षा जास्त माणसं मास्तरांना जन्मात भेटणार नव्हती.

माईक खाली आला होता. तो वर करायला एक जण पुढं आला, तो सुग्रीव होता. व्यवस्थेवर कारखान्याची माणसं होती. त्याने माईक बापाच्या तोंडापाशी आणला आणि पुटपुटला, "बाबा, जपून."

"सुंदरराव अण्णांनी," मास्तरांनी सुरुवात केली. माणसं शांत झाली. चिता तडतडत होती. "अण्णांनी चाळीस वर्षांपूर्वी एक..."

ते थांबले. किती वेळ थांबले ते त्यांना कळलं नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय.

"एक रोपटं लावलं," मास्तर म्हणाले. "आज त्याचा वटवृक्ष झाला आहे. धर्मराजदादा तो समर्थपणे सांभाळत आहेत. अण्णांच्या आत्म्यास शांती लाभो."

धर्मराजने हात जोडले. साहेबांनी मान हलवली. मास्तर मंचाच्या पायऱ्या उतरले आणि माणसांतून वाट काढत चालायला लागले. कुठं जायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मैदानाच्या कडेला चंद्रभागाबाईने त्यांना गाठलं. काखेत रिकामी घागर होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मास्तर, पाडव्याला तुमी भेटला हुता म्हनं अण्णाला. आमाला तर कुनी जाऊच दिलं न्हाई." तिने पदराने नाक पुसलं. "आमच्यासाठी काय बोलले हुते का?"

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. हो म्हणावं, तर मग तुम्ही दीड महिना कुठं होता आणि आत्ता वर उभं राहून काय बोललात, हे तिने विचारलं असतं. तिने नसतं विचारलं तरी ते तिच्या डोळ्यांत दिसलं असतं. मागून सुग्रीव हाक मारत येत होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "तसं काही बोलले नाहीत."

चंद्रभागाबाई जरा वेळ चितेच्या धुराकडं बघत राहिली.

"असू द्या," ती म्हणाली. "मानूस म्हातारपनी इसरतंय."

तिने घागर दुसऱ्या काखेत घेतली आणि ती गावाच्या वाटेला लागली.